मॅनेजरचं नंतर बघू, आधी कंपनीत पैसा किती उरलाय ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा. पुण्यात बाणेरला कंपनी, सुरू होऊन अडीच वर्षं झालीत, माणसं 35 च्या आसपास. कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी साठ्याचं आणि भाड्याचं सॉफ्टवेअर बनवता, बरेचसे ग्राहक सांगली-तासगाव भागातले. तुम्हाला चार वर्षांचा अनुभव आहे, हाताखाली तीन नवी मुलं आहेत. आठ महिन्यांपूर्वी फाउंडरने जुन्या ओळखीतल्या एकाला मॅनेजर म्हणून आणलं. त्याला सॉफ्टवेअर कळत नाही, कामाचा क्रम रोज बदलतो, टीमला न विचारता ग्राहकाला तारखा देतो आणि तारीख चुकली की तुमच्याकडे बोट दाखवतो. गेल्या तीन महिन्यांत दोनदा पगार आठ-दहा दिवस उशिरा झाला. घरचे म्हणतात सोड, मित्र म्हणतात स्टार्टअपमध्ये असंच चालतं. आणि तुम्ही विचारताय, फाउंडरकडे तक्रार करू की राजीनामा देऊ?

मॅनेजरबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. पगाराची ओळ एकच, तीही जाता जाता, शेवटाकडे. माझ्या मते ती पहिली यायला हवी होती.

मी पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये आधी डेव्हलपर, मग टीम सांभाळणारा आणि पुढे कामकाज बघणारा म्हणून बरीच वर्षं काढली. आता अडचणीत आलेल्या छोट्या कंपन्यांच्या फाउंडर मंडळींबरोबर बसून टीमची घडी बसवून देण्याचं काम करतो. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, माझा वरिष्ठ त्या कामाच्या योग्यतेचा नाही. दोन, माझी कंपनी टिकेल की नाही माहीत नाही. लोक पहिल्याचा विचार करत बसतात, कारण त्याचा त्रास रोज सकाळी दहाला समोर येऊन उभा राहतो. दुसरा दिसत नाही. पण पहिल्याचं काय करायचं हे दुसऱ्यावरच ठरतं. कंपनीच्या हातात दीड वर्षाचा पैसा असेल तर वाईट मॅनेजरशी नीट बोलायला, वर सांगायला, बदलाची वाट बघायला वेळ आहे. तीन महिन्यांचा असेल तर तक्रारीवर निर्णय होईपर्यंत तो मॅनेजर, तुम्ही आणि फाउंडर, तिघंही नव्या नोकरीच्या शोधात असाल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. घराचा हप्ता आहे का, घरात दुसरा पगार आहे का, बँकेत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, नोटीस पिरीयड 30 दिवसांचा की 90, आणि तुम्ही ज्यात काम करता त्याला बाजारात सध्या मागणी किती. हे माहीत नसताना कोणी ठामपणे ‘सोडा’ किंवा ‘टिकून राहा’ म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

पैशाची खरी स्थिती घरबसल्या कशी कळते

लहान कंपनीत पैसा आटायला लागला की देणी एका ठरावीक क्रमाने थांबतात, हे बाहेरच्याला सहसा माहीत नसतं. जे लगेच ओरडत नाहीत त्यांचे पैसे आधी थांबतात. सरकारी भरणा पुढे ढकलला जातो, मग सीए आणि बाहेरून काम करून देणारे लोक, मग जागामालक. सर्व्हरचं बिल कसंबसं भरतात, कारण ते थांबलं तर सगळंच बंद पडेल. पगार शेवटी लांबतो. पगार एक दिवस चुकला तरी 35 माणसं कुजबुजायला लागतात, हे फाउंडरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पगार दोनदा लांबला असेल तर बाकीची देणी त्याच्या आधीपासून लांबत असण्याची शक्यता मी धरून चालतो. अपवाद असतात. एखाद्या मोठ्या ग्राहकाचा चेक अडकला आणि फाउंडरने आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून तसं सांगितलं, तारीख दिली आणि ती पाळली, तर ते वेगळं. तुमच्याकडे तसं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

अंदाजावर बसू नका, तपासता येतं. पहिलं तुमचं पीएफचं पासबुक. उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर यूएएन (तुमचा पीएफचा क्रमांक) घालून उघडा आणि पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवा. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. समजा स्लिपवर तुमचे 1,800 रुपये कापलेले दिसतात, तर तेवढेच कंपनीने आपल्याकडून घालायचे असतात. पासबुकात नोंद यायला थोडे दिवस लागतात, म्हणून चालू महिन्याकडे बघू नका, मागच्या सहा महिन्यांकडे बघा. एखादा महिना गायब आहे का? दोन महिन्यांची रक्कम एकदम जमा झालीय का? स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात काहीच नाही, हे मात्र अतिशय गंभीर. तुमच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. तिथपर्यंत गेलेल्या फाउंडरचे बाकीचे सगळे मार्ग आधीच बंद झालेले असतात.

ईपीएफओच्या साइटवर आस्थापना, म्हणजे कंपनी, शोधायचीही सोय आहे. कंपनीचं नाव घातलं की कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला झाला, किती रक्कम आणि किती कर्मचाऱ्यांसाठी, हे दिसतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या आकड्याकडे खास लक्ष द्या. ‘आपण वाढतोय’ असं टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, सांगत असतील आणि तो आकडा महिन्यागणिक उतरत असेल, तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

दुसरं, जीएसटी. कंपनीच्या कोणत्याही बिलावर जीएसटी क्रमांक असतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरतानाचं विवरणपत्र, कोणत्या तारखेला भरला त्याचा तक्ता येतो. महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी मुदत पुढच्या महिन्याची 20 तारीख. एखादा महिना दोन दिवस पुढे गेला तर त्याचा बाऊ करू नका, कारकुनी उशीर कुठेही होतो. पण भरण्याची तारीख दर महिन्याला आणखी आणखी मागे पडत असेल, तर पैशाची ओढाताण आहे.

तिसरं, पगारातून कापलेला आयकर. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षाच्या माहितीच्या विवरणात, तो दिसायला हवा. कंपनी तिमाहीने विवरण भरते, म्हणून इथे दोन-तीन महिन्यांची पिछाडी धरा. कंपनीने कर कापला आणि सरकारकडे भरलाच नाही तर तोच कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असा कायदा आहे. तरीही पोर्टलवर क्रेडिट न दिसल्यामुळे नोटीस येते, रिफंड अडकतो आणि पत्रव्यवहार तुमच्याच गळ्यात पडतो. स्लिपा जपून ठेवायच्या त्या यासाठी.

चौथं, कंपनी व्यवहार मंत्रालयाची, म्हणजे एमसीएची साइट. कंपनीचं नाव टाकलं की संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा दाखल केलाय आणि कंपनीच्या मालमत्तेवर कोणाचं कर्ज नोंदलंय, हे फुकट दिसतं. 100 रुपये भरले तर दाखल केलेली कागदपत्रंही उघडून बघता येतात. त्यात पीएएस-3 शोधा. कंपनीने नवे शेअर दिले की हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कोणाला किती शेअर कोणत्या भावाने दिले ते लिहिलेलं असतं. फाउंडर जर म्हणत असेल की गेल्या दिवाळीत मोठा राउंड झाला, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पैसा आला, आणि त्यानंतरचा पीएएस-3 कुठेच नसेल, तर तो राउंड बहुधा बोलण्यापुरताच झालाय. ताळेबंदात हातातली रोकड किती आणि नफा-तोटा पत्रकात वर्षाचा तोटा किती हे दोन आकडे बघा. ते जुने असतात, पण खर्चाचा वेग किती होता ते त्यातून समजतं.

हे सगळं करायला एक संध्याकाळ पुरते आणि मॅनेजरविषयी सहा महिने केलेल्या चर्चेपेक्षा त्यातून जास्त हाती लागतं. उलट ज्या गोष्टींवरून लोक घाबरतात त्या फारशा महत्त्वाच्या नसतात. चहा-बिस्किटं बंद झाली, ऑफिसचा अर्धा मजला सोडला, टॅक्सीची बिलं मिळेनाशी झाली, यात मला बऱ्याचदा बरंच दिसतं. कोणीतरी खर्चाकडे बघतंय, असा त्याचा अर्थ. 2021 मध्ये पैसा मुबलक होता तेव्हा वाट्टेल तशी भरती केलेल्या कंपन्या 2022 च्या मध्यापासून पैसा आटल्यावर अडचणीत आल्या. त्यांतल्या ज्यांनी वेळेवर काटकसर केली त्यांपैकी काही आज बऱ्या चालतात.

आता मॅनेजर

‘त्याला काही कळत नाही’ हे तुमचं वाक्य खरं असेल. पण कोणत्या प्रकारे कळत नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

एका कंपनीत मी रोजच्या स्टँडअपला, म्हणजे कामाच्या छोट्या बैठकीला, कोपऱ्यात बसून ऐकत असे. मॅनेजर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, ‘किती टक्के झालं?’ एक मुलगी म्हणायची 90. मॅनेजर एक्सेलमध्ये 90 लिहायचा. दुसऱ्या दिवशी 90, तिसऱ्या दिवशी 92. तो आकडा आठवडाभर तिथेच. उरलेल्या दहा टक्क्यांत बँकेच्या बाजूने एक परवानगी यायची होती आणि ती मागायला कोणी फोनच केला नव्हता. मॅनेजरने ‘कशावर अडलंय?’ असं एकदाही विचारलं नाही. त्या मुलीनेही आपणहून सांगितलं नाही, कारण 90 म्हटलं की प्रश्न पुढच्या माणसाकडे सरकायचा. तो माणूस वाईट नव्हता. आधी मोठ्या कंपनीत होता, तिथे अडचणी सोडवायला वेगळे लोक होते आणि त्याचं काम तक्ता भरून वर पाठवण्याचं होतं. इथे तो तक्ता वाचणारं कोणी नव्हतं. त्याला शिकवता येण्यासारखं होतं आणि पुढे तो शिकलाही. टक्केवारीचा रकाना काढून त्या जागी ‘कशावर अडलंय, कोणाच्या फोनची गरज आहे’ असा रकाना घातला, तेवढ्याने महिन्याभरात फरक दिसला.

दुसरा प्रकार, ज्याला विषय कळत नाही आणि ते तो कबूल करत नाही. तुमचा साहेब यात मोडत असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. अशा माणसाला मनातून भीती असते. फाउंडरच्या ओळखीने आलाय, टीमला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे त्याला दिसतंय, म्हणून तो ग्राहकासमोर ‘होऊन जाईल’ म्हणत सुटतो. ‘नाही’ म्हणायला विषय कळावा लागतो. ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही.

तिसऱ्या प्रकाराकडे मात्र लोकांचं लक्षच जात नाही, आणि नव्या, धडपडणाऱ्या कंपन्यांमध्ये मला तोच सगळ्यात जास्त भेटतो. धरसोड मॅनेजरची नसतेच, फाउंडरची असते. सकाळी गुंतवणूकदाराचा फोन येतो, तो विचारतो तुमच्यात एआय आहे का? दुपारी फाउंडर मॅनेजरला म्हणतो, ते आधी घ्या. संध्याकाळी सांगलीचा ग्राहक चिडतो, मग रात्री निरोप येतो की बिलाचं आधी. मॅनेजरमध्ये फाउंडरला थांबवायची ताकद नसते, म्हणून प्रत्येक निरोप जसाच्या तसा तुमच्यापर्यंत येतो. तुम्हाला वाटतं मॅनेजर रोज क्रम बदलतो. उद्या तो गेला आणि दुसरा आला तरी हेच होणार.

तुमचा मॅनेजर यांतला कोणता, हे दोन आठवड्यांत कळू शकतं. क्रम बदलला की वाद घालू नका, फक्त विचारा, ‘हे आता घेतो. मग हातातलं कोणतं मागे ठेवू?’ आणि हाच प्रश्न संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा. मेल साधा असू द्या. ‘आज ठरल्याप्रमाणे भाड्याच्या बिलाचं काम थांबवून रिपोर्टचं घेतलं आहे. त्यामुळे बिलाचं काम 14 ऐवजी 22 तारखेला होईल. वेगळं काही असेल तर उद्या सकाळपर्यंत कळवा.’ एवढंच. टोमणा नको, मोठ्या साहेबांना सीसी नको. ज्याला शिकता येतं तो तिसऱ्या-चौथ्या मेलनंतर क्रम बदलण्याआधी विचार करायला लागतो, कारण बदलाची किंमत त्याला पहिल्यांदाच दिसते. जो घाबरलेला आहे तो ‘दोन्ही करा’ म्हणतो. आणि ज्याच्या डोक्यावर फाउंडर बसलाय तो म्हणतो, ‘मला सांगू नका, वरून आलंय.’ हे शेवटचं उत्तर आलं तर पाणी कुठे मुरतंय ते समजलं.

तुमच्या धंद्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तिचा उपयोग करा. सांगली-तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा येतो, आणि बेदाण्याचा हंगाम कोणाच्या सांगण्यावरून पुढे-मागे होत नाही. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल माल तयार होऊन कोल्ड स्टोरेजला यायला लागतो. तेव्हा कोणाचा किती माल आला, कोणत्या खोलीत ठेवला आणि भाडं कधीपासून चालू झालं, हे सॉफ्टवेअरने बिनचूक दाखवायला हवं. गेटवर गाड्यांची रांग असताना आवक नोंदवायचा स्क्रीन अडकला, तर तो ग्राहक पुढच्या वर्षी परत वहीकडे वळेल आणि शेजारच्या चार जणांनाही तेच सांगेल. म्हणून टीमपुरती एक यादी करा. हंगाम सुरू व्हायच्या आधी काय चाललंच पाहिजे आणि काय नंतर झालं तरी बिघडणार नाही. मॅनेजर विषयातला नसला तरी ‘हे हंगामाआधी, हे नंतर’ ही भाषा त्याला कळेल. शक्य असेल तर त्याला एक दिवस तासगावला घेऊन जा आणि कोल्ड स्टोरेजच्या मुनीमजींशेजारी बसवा. मी असा प्रयोग वेगळ्या धंद्यात केलेला आहे. ऑफिसात सहा महिन्यांत न समजलेलं तिथे दुपारपर्यंत समजतं.

आधी त्याच्याशी, मग फाउंडरशी

थेट फाउंडरकडे जाऊ नका. जुन्या ओळखीतून आणलेल्या माणसाबद्दल तक्रार ऐकताना फाउंडरला ती स्वतःच्या निवडीबद्दलची वाटते आणि तो बचावाला उभा राहतो. आधी मॅनेजरशी एकट्याने बोला, शक्यतो ऑफिसबाहेर, चहाला. एकच विषय काढा. माझा सल्ला ग्राहकाला द्यायच्या तारखांचा, कारण त्यात त्याचाही जीव अडकलेला असतो. ‘तुम्ही ग्राहकाला तारीख सांगण्याआधी मला एक तास द्या. मी आकडा देतो. मग चुकली तर जबाबदारी माझी.’ बऱ्याच घाबरलेल्या मॅनेजरना यातून सुटल्यासारखं वाटतं. त्यांच्याकडे कोणी मदत घेऊन आलेलंच नसतं, सगळे रागावूनच आलेले असतात. तुमच्यावर त्याने अन्याय केलाय हे मला दिसतंय. टीमसमोर तुमच्याकडे बोट दाखवलं गेलं ते चूकच. तरीही ही एक संधी त्याला द्या. पुढे फाउंडरशी बोलायची वेळ आली तर ‘मी आधी त्यांच्याशी बोललो होतो’ हे वाक्य खरं असायला हवं.

फाउंडरशी बोलताना माणसाबद्दल बोलू नका, पैशाबद्दल बोला. ‘मॅनेजरला काही कळत नाही’ या वाक्याला फाउंडरकडे दहा उत्तरं तयार असतात. हे वाक्य बघा: ‘गेल्या सहा आठवड्यांत कामाचा क्रम नऊ वेळा बदलला, त्यांतली पाच कामं अर्धवट पडून आहेत आणि त्यामुळे दोन ग्राहकांची बिलं आपण काढू शकलो नाही.’ याला उत्तर देता येत नाही, यावर निर्णयच घ्यावा लागतो. आकडे तुमच्या मेलमधून आपोआप निघतील. आणि त्याच बैठकीत शांतपणे विचारा, ‘पगार दोनदा लांबला. आजच्या खर्चाने किती महिने निघतील एवढा पैसा आपल्याकडे आहे?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला फाउंडर आकडा सांगतो, अगदी चार महिने असला तरी सांगतो आणि त्यावर काय चाललंय तेही सांगतो. जो ‘पैशाची काळजी तुम्ही करू नका, तुम्ही कोडकडे बघा’ म्हणतो, त्याच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठवडाभरात रेझ्युमे बाहेर काढा.

उत्तर आलं तरी ते तुम्ही आधी बघून ठेवलेल्या पीएफ आणि जीएसटीच्या तारखांशी ताडून बघा. तो बारा महिने म्हणतोय आणि पीएफ तीन महिने तुंबलाय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं अवघड आहे.

आतापर्यंतचं मांडतो. भरणे वेळेवर आहेत, फाउंडर आकडा सांगतो आणि मॅनेजर शिकण्यासारखा आहे, तर हंगाम संपेपर्यंत थांबा. अशा कंपनीत चार वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला जे शिकायला मिळतं ते मोठ्या कंपनीत आठ वर्षांतही मिळत नाही. पैसा ठीक आहे पण मॅनेजर आणि फाउंडर दोघंही ऐकत नाहीत, तर घाई न करता चांगली जागा शोधा. पैसाच नसेल तर मॅनेजरचा विषय सोडून द्या आणि आजपासून बाहेर बघा.

सोडायचं ठरलं तर

हातात दुसऱ्या नोकरीचं पत्र नसताना राजीनामा देऊ नका. पगार पूर्ण थांबला किंवा तब्येतीवर आलं तर गोष्ट वेगळी. झोप उडाली असेल, घरी माणसांवर ओरडणं वाढलं असेल, तर तेही एक कारण आहे आणि ते पुरेसं आहे. ते कोणाला पटवून देत बसायची गरज नाही.

नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं, सगळ्या स्लिपा, फॉर्म 16 आजच स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. कंपनी अचानक बंद झाली तर मेलचं खातंही त्याच दिवशी बंद होतं. कोड, ग्राहकांची यादी, कंपनीची कागदपत्रं यांतलं मात्र काहीही घेऊ नका. कितीही राग असला तरी नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आणि नोकरी सुटल्यावरचा थकीत पगार कामाच्या 2 दिवसांत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात अजून पुष्कळ कंपन्या हिशेब महिना-दीड महिना लांबवतात. अडचणीतली कंपनी तर नक्कीच लांबवते, म्हणून नोटीसच्या काळात पगार थकत जाऊ देऊ नका. एक महिन्याचा पगार थकलेला असताना आणखी दोन महिने नोटीस भरणं म्हणजे तीन महिन्यांचे पैसे पणाला लावणं. त्या वेळी नोटीस कमी करण्याबद्दल लेखी बोला. पैशाच्या ओढाताणीतला फाउंडर बहुतेक वेळा लवकर सोडतो, कारण त्याचाही पगार वाचतो. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्या. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की ती तुम्हाला स्वतःला पोर्टलवर टाकता येते.

ईसॉपबद्दल, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाही, पण असतीलच असं धरून सांगतो. ते दिल्यापासून किमान एक वर्ष झाल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि आले तरी शेअर विकत घेताना त्याची किंमत भरावी लागते, शिवाय त्या दिवसाचं मूल्यांकन आणि तुमची किंमत यातला फरक पगाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. शेअर बाजारात नसलेल्या आणि पगारालाही ओढाताण असलेल्या कंपनीत त्या कागदासाठी रोख मोजू नका. आणि ‘ईसॉप जातील’ म्हणून थांबूही नका.

तुमच्या हाताखालची तीन मुलं, त्यांच्याबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय की ‘त्यांना सोडून जायला वाईट वाटतं.’ ते वाक्य मला आवडलं. पण त्यांच्यासाठी थांबून राहण्याने त्यांचं भलं होणार नाही. थांबा किंवा जा, काही गोष्टी आत्ताच करा. पीएफचं पासबुक कसं बघायचं ते त्यांना दाखवा, पहिली नोकरी असल्याने त्यांना बहुधा माहीतच नसेल. मॅनेजरबद्दल त्यांच्यासमोर वाईट बोलू नका. तुम्ही बोललात तर तीही बोलतील, आणि त्याची शिक्षा त्यांना होईल, तुम्हाला नाही. बोट त्यांच्याकडे दाखवलं गेलं तर बैठकीतच म्हणा, ‘तो निर्णय माझा होता.’ आणि प्रत्येकाच्या हातून एक पूर्ण काम, सुरुवातीपासून ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत, होऊ द्या. पुढच्या मुलाखतीत त्यांना सांगायला तेवढंच लागतं.

मुलाखतीत तुम्हालाही विचारतील, का सोडताय? मॅनेजरचं नाव काढू नका. ‘कंपनीची आर्थिक स्थिती अनिश्चित झाली होती, पगार लांबायला लागले होते, मी हंगामाआधीचं काम पूर्ण करून आणि हाताखालच्या लोकांना ते सोपवून बाहेर पडतोय.’ हे खरं असेल तर मी मुलाखत घेणारा असतो तेव्हा मला एवढं पुरतं. त्यानंतर मी एकच विचारतो, काम कोणाला सोपवलं आणि कसं. म्हणून सोपवण्याची टिपणं आत्तापासून लिहायला घ्या. आवक नोंदवायच्या स्क्रीनपासून सुरुवात करा, तिथेच तुमच्याशिवाय सगळ्यांचं अडतं असं तुम्ही लिहिलंय.